शहरातील बंदिस्त शेती आणि पलूसचा बागायतदार

शहरातील इमारतीत, मातीवाचून व सूर्यप्रकाशावाचून भाजी पिकविता येते, ही वार्ता आता खेड्यापाड्यांतही पोहोचली आहे. ती ऐकून कोणी म्हणतो, शेतकऱ्याचे दिवस भरले. तर कोणी कर्ज काढून तसलीच शेती आपल्या रानात उभारू पाहतो. पलूससारख्या बागायती तालुक्यात या दोन्ही टोकांपासून दूर राहणे अगत्याचे आहे.

ही विद्या अगदीच नवी नव्हे. कॅलिफोर्निया विद्यापीठातील गेरिक यांनी १९३० च्या सुमारास क्षारमिश्रित पाण्यात टोमॅटो वाढवून दाखविले. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस ॲसेन्शन बेटावर सैन्यासाठी खडीत भाजीपाला पिकविण्यात आला. मुळांना पाणी, अन्नद्रव्ये, हवा व आधार मिळाला की माती नसली तरी चालते, हे तेव्हाच सिद्ध झाले. दिव्यांच्या उजेडात थरावर थर रचून पीक घेणे, ही त्यात पुढे पडलेली भर होय.

परंतु सूर्य जे फुकट देतो, ते दिव्याने द्यावयाचे तर मोल पडते. अशा शेतीत एक किलो पालेभाजीस दहा युनिटांहून अधिक वीज लागल्याच्या नोंदी आहेत. म्हणूनच तेथे लवकर येणाऱ्या व चढा भाव मिळणाऱ्या पालेभाज्यांवर भर असतो; ज्वारी, गहू वा ऊस तेथे परवडत नाही. अमेरिकेत २०२३ मध्ये या धंद्यातील एका मोठ्या कंपनीस दिवाळखोरीचा अर्ज करावा लागला. देशाच्या पोषणाची ३० टक्के गरज २०३० पर्यंत देशातच भागवावी, असे सिंगापूरने २०१९ मध्ये ठरविले होते. ते उद्दिष्ट २०२५ मध्ये बदलण्यात आले.

तेव्हा पलूसच्या द्राक्षास वा उसास शहरातील मनोऱ्यांचे भय नाही. घेण्याजोगे आहे ते त्यामागील तत्त्व. ज्या अवस्थेत निसर्गाचा फटका सर्वांत मोठा, तेवढीच अवस्था आपल्या ताब्यात घ्यावी. कीडरोधक जाळीखाली, कोकोपीट भरलेल्या ट्रेमध्ये रोपे वाढविली, तर बी कमी लागते, लावणीच्या वेळी मुळे तुटत नाहीत व विषाणू पसरविणाऱ्या पांढऱ्या माशीस अटकाव होतो. द्राक्षबागेत फळछाटणीनंतर अवकाळी पाऊस आला की ओल्या पानांवर केवडा फैलावतो. प्लॅस्टिकचे आच्छादन पाने कोरडी ठेवते. मात्र त्याखाली हवा खेळती न राहिल्यास भुरी बळावते. म्हणून प्रथम बागेच्या एका भागातच अनुभव घेणे शहाणपणाचे ठरेल.

जागेचाही विचार हवा. २०१९ व २०२१ मध्ये कृष्णेच्या महापुराने काठच्या गावांना दिलेला धडा ताजा आहे. पूररेषेच्या आत महागडी उभारणी करणे म्हणजे कर्ज नदीच्या स्वाधीन करणे होय.

गावपातळीवरील कार्यकर्त्याची कसोटी येथेच लागते. हरितगृहाच्या उद्घाटनास नारळ फोडणे सोपे असते. माल कोण घेणार, वीज गेल्यास काय करणार, रोज देखरेख कोण ठेवणार, हे तीन प्रश्न त्याने कर्जाच्या अर्जापूर्वीच विचारावेत. त्याच्या कार्याचे माप किती हरितगृहे उभी राहिली यावर न घेता, तीन वर्षांनंतर त्यांपैकी किती हप्ते फेडून चालू आहेत, यावर घेतले जावे. नव्या विद्येचे स्वागत अवश्य व्हावे. पण ते हिशेबाची वही उघडी ठेवूनच.