बारावीनंतरचे एक वर्ष आणि आपली वर्गणी

बारावीचा निकाल लागला की आपल्या वैद्यकीय कुटुंबांत साधारणपणे दोनच प्रश्न ऐकू येतात. 'नीट'ला गुण किती मिळाले, आणि कमी असतील तर पुन्हा एक वर्ष अभ्यास करून परीक्षा द्यायची का? या दोन प्रश्नांच्या कक्षेबाहेरचे काही मनात घेऊन एखादा विद्यार्थी अथवा विद्यार्थिनी आपल्या दवाखान्याची पायरी चढली, तर आपण गोंधळून जातो. "काका, महाविद्यालयात जाण्यापूर्वी मला एक वर्ष परदेशात स्वयंसेवक म्हणून काम करायचे आहे. त्याच्या खर्चाचा काही भाग मी स्वतः लोकांकडून जमवणार आहे. आपण काही मदत कराल का?" अशा विनंतीला काय उत्तर द्यावे, याविषयी काही विचार सुज्ञ सभासदांपुढे ठेवण्यासाठी हा लेखनप्रपंच.

आपल्या मंडळींची पहिली प्रतिक्रिया काय असते, हे सांगण्यासाठी भविष्यवेत्त्याची गरज नाही. "आईवडील दोघेही डॉक्टर आहेत, मग दारोदार हिंडायची काय आवश्यकता?" हा एक आक्षेप. दुसरा अधिक वजनदार: "सेवाच करायची तर खानवेल, मांदोणी, दुधनीच्या पाड्यांवर काय काम कमी आहे?" सुरंगीसारख्या गावात राहून वैद्यकी करणाऱ्याला हा दुसरा प्रश्न रोजच्या रोज समोर दिसतो, त्यामुळे तो हसण्यावारी नेता येत नाही. तरीही अशा मुलाला रिकाम्या हाताने परत पाठवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र द्यायचे ते कशासाठी आणि कोणत्या खिशातून, याचा विचार आपण नीटसा केलेला नाही.

प्रथम त्या 'दारोदार हिंडण्या'विषयी. वार लावून जेवत शिकलेल्या मुलांची परंपरा आपल्या समाजात फार जुनी नाही. आपल्यापैकी अनेकांच्या आजोबा-पणजोबांनी सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी जेवून शाळा पुरी केली. त्या व्यवस्थेत अपमानाचे प्रसंग पुष्कळ होते आणि जातीची कुंपणेही होती. तिचे गोडवे गाण्याचे कारण नाही. परंतु तिच्यात एक गोष्ट होती. ज्या घरी मुलगा जेवत असे, त्या घरच्या माणसांना त्याची परीक्षा कधी आहे हे ठाऊक असे आणि निकाल लागल्यावर तो तेथे पेढे घेऊन जात असे. सात घरांचा त्याच्यावर डोळा असे. आज वडिलांनी एक धनादेश लिहिला की मुलगा विमानात बसतो आणि तो कोणालाही उत्तर देण्यास बांधील राहत नाही. म्हणून सधन घरातल्या मुलानेही वर्गणी मागावी, किंबहुना त्यानेच ती आवर्जून मागावी, असे मला वाटते. पन्नास माणसांना आपला बेत समजावून सांगणे, त्यांतल्या तिसांकडून नकार ऐकणे आणि उरलेल्यांना पावती फाडून देणे, हे शिक्षण कोणत्याही शिकवणी वर्गात मिळत नाही.

परदेशी जाणाऱ्या स्वयंसेवकांसाठी वर्गणी, ही कल्पना आपल्याला वाटते तितकी परकी नाही. आपल्याच व्यवसायातले तिचे सर्वांत मोठे उदाहरण सोलापूरचे आहे. जपानने चीनवर आक्रमण केल्यानंतर १९३७ च्या अखेरीस चिनी सेनानी जू द यांनी पंडित नेहरूंना पत्र लिहून डॉक्टर पाठवण्याची विनंती केली. पुढील वर्षी काँग्रेसचे अध्यक्ष असलेल्या सुभाषबाबूंनी देशाला आवाहन केले, जुलै १९३८ मध्ये 'चीन दिन' पाळले गेले आणि सुमारे २२,००० रुपये जमले. त्या पैशांतून पाच डॉक्टरांचे पथक आणि एक रुग्णवाहिका रवाना झाली. पथकाचे प्रमुख डॉ. अटल, कलकत्त्याचे डॉ. बसू आणि डॉ. मुखर्जी, नागपूरचे, वयाने ज्येष्ठ असलेले डॉ. चोळकर, आणि मुंबईच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयातून शिकून बाहेर पडलेले, पदव्युत्तर शिक्षणाच्या तयारीत असलेले डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस. सप्टेंबर १९३८ च्या प्रारंभी त्यांनी मुंबई सोडली तेव्हा कोटणिसांनी अठ्ठाविसावे वर्षही पुरे केले नव्हते.

पुढचे आपण सर्वजण जाणतो. १९४६ सालच्या व्ही. शांताराम यांच्या चित्रपटामुळे ते घरोघरी पोहोचले. कोटणीस चिनी भाषा शिकले आणि त्याच भाषेत तेथील विद्यार्थ्यांना शल्यचिकित्सा शिकवू लागले. १९४१ मध्ये बेथून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाची धुरा त्यांच्याकडे आली. त्यांनी तेथेच विवाह केला, त्यांना मुलगा झाला आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, अपस्माराच्या झटक्यांनी त्यांचे निधन झाले. बाकीचे चौघे परतले. आपल्याला हे सारे आठवते. आठवत नाही ती वर्गणी. आयुष्यात कधी चीन पाहणार नव्हते अशा माणसांनी दिलेल्या आण्या-रुपयांवर ते पथक गेले होते. आणि आणखी एक गोष्ट आपल्या नजरेतून निसटते: चीनने डॉक्टर मागितले होते, आणि गेले तेही डॉक्टरच होते.

दुसरे उदाहरण तर आपल्या पायाखालच्या जमिनीचे आहे. १९५४ साली पोर्तुगीज अमलाखालचे सिल्वासा हे कायद्याच्या दृष्टीने परदेशच होते. ते मुक्त करण्याचा बेत आखणाऱ्या पुण्याच्या मंडळींकडे उत्साह भरपूर, पैसा मात्र नव्हता. सुधीर फडके यांनी खटपट केली, लता मंगेशकर यांनी पुण्यात गाण्याचा कार्यक्रम करून निधी उभा करून दिला, आणि पुढे राजा वाकणकर, बाबासाहेब पुरंदरे, स्वतः फडके आदी मंडळी या मोहिमेत उतरली. २ ऑगस्ट १९५४ रोजी सिल्वासा मुक्त झाले. पुण्यात तिकीट काढून गाणे ऐकणाऱ्या रसिकांच्या पैशांचा त्यात वाटा होता. आज येथे स्थायिक होऊन दवाखाने चालवणाऱ्या आपण मराठी माणसांनी 'परदेशी जाणाऱ्या पोराला वर्गणी कशाला' असे विचारणे, म्हणूनच मला थोडे गमतीचे वाटते.

अर्थात, बारावी झालेला मुलगा म्हणजे कोटणीस नव्हे, हे कोणीही सांगेल. या मुद्द्यावर थोडे थांबले पाहिजे. शाळा सोडलेल्या मुलांना वर्षभर परदेशात सेवेसाठी पाठवण्याची प्रथा ब्रिटनमध्ये ॲलेक डिक्सन यांनी १९५८ साली 'व्हॉलंटरी सर्व्हिस ओव्हरसीज' या संस्थेच्या रूपाने रुजवली. प्रारंभीचे स्वयंसेवक अठरा वर्षांच्या आसपासचे होते. थोड्याच वर्षांत ही संस्था पदवीधरांकडे आणि नंतर अनुभवी व्यावसायिकांकडे वळली. कारण उघड आहे. ज्या देशांत ही मुले जात होती, त्यांना उत्साहापेक्षा शिक्षक, परिचारिका, अभियंते यांची गरज होती. म्हणजे ज्यांनी ही वाट पाडली, त्यांनीच अठरा वर्षांच्या मुलाच्या उपयुक्ततेविषयीचे आपले मत बदलले.

या क्षेत्रात आता मोठा व्यापारही शिरला आहे. लाखो रुपये घेऊन मुलांना दोन-चार आठवडे आफ्रिकेत किंवा आग्नेय आशियात 'सेवा' घडवून आणणाऱ्या कंपन्या आहेत. कंबोडिया आणि नेपाळ येथील अनाथालयांची कथा तर मन विषण्ण करणारी आहे. परदेशी स्वयंसेवकांचा आणि त्यांच्या देणग्यांचा ओघ सुरू झाला तशी अनाथालये वाढली, आणि त्यांतल्या बहुसंख्य मुलांचे आई किंवा वडील हयात असल्याचे आढळून आले. दर महिन्याला नवा ताई-दादा येतो, लळा लावतो आणि निघून जातो. लहान मुलाच्या मनावर याचा काय परिणाम होतो, हे बालरोगतज्ज्ञांना मी सांगायला नको. काही ठिकाणी तर वैद्यकीय शिक्षणाचा गंधही नसलेल्या पाहुण्यांच्या हाती सुई आणि दोरा दिला जातो. परदेशातून आलेल्या अठरा वर्षांच्या मुलाला आपण आपल्या दवाखान्यात टाके घालू देऊ का? मग आपला मुलगा घाना किंवा टांझानियात तसे करून आला, तर त्याचे छायाचित्र कौतुकाने कशासाठी पाहावे?

मग अठरा वर्षांच्या मुलाने करावे तरी काय? ज्याला हात लागतात, पदवी लागत नाही, ते. स्वित्झर्लंडच्या पिएर सेरेसोल यांनी १९२० साली सुरू केलेल्या 'सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल' या चळवळीचा मार्ग हाच होता. १९३४ च्या बिहार भूकंपानंतर सेरेसोल स्वतः येथे श्रमदानासाठी आले होते. याच संस्थेच्या परदेशी तरुणांनी १९५० च्या दशकात बाबा आमटे यांच्या आनंदवनात येऊन बांधकामावर अंग मोडून काम केले. त्यांनी रचलेल्या विटांपेक्षाही मोठा परिणाम वेगळाच झाला. ही गोरी मुले कुष्ठरुग्णांसोबत राहतात, जेवतात, हे पाहून वरोऱ्याच्या लोकांच्या मनातली भीती ओसरू लागली. घरच्या माणसांनी वर्षानुवर्षे सांगून जे पटत नव्हते, ते परक्या पोरांच्या केवळ वावरण्याने पटले.

जर्मनीने २००८ साली 'वेल्टवेर्ट्स' ही योजना सुरू केली. तिच्यातून १८ ते २८ वर्षांचे तरुण भारतासह अनेक देशांत साधारण वर्षभरासाठी जातात. खर्चाचा मोठा भाग सरकार उचलते आणि उरलेल्यासाठी पाठवणारी संस्था त्या तरुणाला स्वतःभोवती देणगीदारांचे एक छोटे मंडळ उभे करण्यास सांगते. पुढे उलट दिशेचाही मार्ग खुला झाला. आपल्यासारख्या देशांतले तरुण तेथील वृद्धाश्रमांत, बालवाड्यांत, अपंगांच्या निवासांत वर्षभर काम करू लागले. निवास, विमा आणि थोडा हातखर्च तेथून मिळतो. मला हा मार्ग अधिक पसंत आहे. आपल्या घरात ताट उचलण्याचीही सवय नसलेला मुलगा जर्मनीतल्या एखाद्या आजोबांना घास भरवून, त्यांची चादर बदलून परत आला, तर पुढे तो डॉक्टर झाल्यावर वॉर्डातल्या मावशींशी वेगळ्या स्वरात बोलेल, अशी मला आशा आहे.

आता पाड्यांचा प्रश्न. त्याला माझे उत्तर असे की ज्या मुलाने खानवेलच्या पुढे कधी पाऊल टाकलेले नाही, त्याला परदेशाचे पैसे देण्याची घाई करू नये. त्याने आधी दोन-तीन महिने येथे काढावेत. सिकलसेलच्या तपासणी शिबिरात नावे लिहून घ्यावीत, वारली आजीबाईंना औषधाची वेळ त्यांच्या बोलीत समजावून सांगावी, किंवा सोमनाथच्या श्रमसंस्कार छावणीत जाऊन कुदळ धरावी. हे केलेला मुलगा परदेशी जाऊ म्हणाला तर त्याला अडवू नये. पाडे आणि परदेश यांत आपण उगाच स्पर्धा लावतो. खरे सांगायचे तर, पाड्यांचा दाखला देणाऱ्यांपैकी किती जणांनी स्वतःच्या मुलाला तेथे महिनाभर पाठवले आहे?

पैशांविषयी मात्र मी कठोर आहे. हे वर्ष प्रामुख्याने त्या मुलाच्या शिक्षणासाठी असते. परदेशातल्या गरिबांचे त्यातून फारसे भले होते, असा आव आणू नये. म्हणून मंडळाच्या आरोग्य शिबिरांच्या किंवा रुग्णसाहाय्याच्या निधीतून यासाठी एक रुपयाही जाता कामा नये. ज्याने त्याने स्वतःच्या खिशातून द्यावे, शिष्यवृत्ती देतो त्या भावनेने. व्यक्तीला दिलेल्या अशा रकमेवर ८०-जी कलमाखाली प्राप्तिकरात सूट मिळत नाही, हेही पावती मागण्यापूर्वी लक्षात ठेवावे. एकाच सभासदाने पन्नास हजार देण्यापेक्षा पन्नास जणांनी हजार-हजार द्यावेत. मुलाने खर्चाचा अंदाज लेखी आणावा आणि जमा रकमेचा हिशेब कोणा एका ज्येष्ठ सभासदाकडे ठेवावा. जिथे तो जाणार आहे, तेथील संस्थेने त्याला नेमके कोणत्या कामासाठी बोलावले आहे, ते पत्र दाखवावे. असे पत्र नसेल आणि केवळ रंगीत माहितीपत्रक असेल, तर त्याला चहा पाजून निरोप द्यावा.

पालकांची एक भीती राहते, ती वर्ष वाया जाण्याची. आपल्या प्रवेशप्रक्रियेत शिक्षणातल्या खंडासाठी प्रतिज्ञापत्र करून द्यावे लागते, जणू मुलाच्या हातून एखादा गुन्हाच घडला आहे. परंतु 'नीट'साठी वर्ष गाळणाऱ्यालाही हेच प्रतिज्ञापत्र करावे लागते आणि त्याची कोणाला लाज वाटत नाही. जिथे पुढे शिकायचे आहे, त्या संस्थेचे नियम आधी पाहून घेतले की झाले. जागा राखून ठेवण्याची सोय सर्वत्र नसते, याची कल्पना मुलाला आणि पालकांना आधीच असावी.

परत आल्यावर त्याने वार्षिक संमेलनात अर्धा तास सर्वांसमोर बोलावे, ही अट पावतीवरच छापून घ्यावी. छायाचित्रे दाखवण्यास हरकत नाही, पण त्याला आधी तेथे बरोबर काम केलेल्या दहा माणसांची नावे विचारावीत, आणि त्यांतला कोण सध्या कसा आहे हे सांगता येते का, तेही पाहावे.