तिलाही रजा हवी

दोन दिवस पॅरिसला फिरून येणारी जोडपी आपण टी.व्ही.वर पाहतो. आपल्याला ते परवडत नाही. पण अलिबाग परवडते. एस.टी. आहे, पावसाळा सोडून गेटवेहून मांडव्याला बोटही आहे.

कुणी म्हणेल, नवरा-बायकोने फिरायला जाण्याची चैन कशाला? भगवान बुद्धांनी सिगालोवाद सुत्तात मालकाची पाच कर्तव्ये सांगितली. वेळोवेळी रजा देणे हे त्यांतलेच एक. बाबासाहेब मजूरमंत्री असताना १९४५ साली कारखान्यातील कामगारांसाठी भरपगारी रजेचा कायदा झाला. म्हणजे विश्रांती ही चैन नव्हे, हक्क आहे. पण घरातल्या बाईच्या हजेरीत रजेचा रकानाच नाही! पत्नीचा मान राखावा, हे पतीचे कर्तव्यही त्याच सुत्तात आहे. तो मान कृतीत दिसू द्या.

मुलांना आजीकडे ठेवा, दोघेच जा. ओहोटीला कुलाबा किल्ल्यात चालत जाता येते. मात्र भरतीची वेळ आधी विचारून घ्या. तालुक्यातले चरी गावही पाहा. खोतांविरुद्ध तेथील शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ ते १९३९ संप केला. बाबासाहेबांनी त्यांची बाजू घेतली आणि १९३७ साली खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले.

दोन दिवस जमत नसतील तर सकाळी जाऊन रात्री या. पण पहाटे उठून तिला डबा करायला लावू नका. नाहीतर ती रजा कसली?

जयभीम!