आपत्ती आणि वैद्यकीय शिक्षण

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या परिसरात दगडमातीची घरे कोसळली आणि सुमारे दहा हजार माणसे प्राणास मुकली. अशा प्रसंगी जखमी शेकड्यांनी येतात. डॉक्टर, खाटा, रक्त मात्र असते तेवढेच. अर्थशास्त्राच्या परिभाषेत हा दुर्मिळ साधनांच्या वाटपाचा प्रश्न होय. एरवी सर्वांत गंभीर रुग्ण प्रथम, हा नियम. आपत्तीत तातडीच्या उपचाराने ज्याचा जीव वाचू शकेल, तो प्रथम. लाल, पिवळ्या, हिरव्या, काळ्या चिठ्ठ्यांनी होणारी ही निवड क्षणार्धात करावी लागते. ती ऐन वेळी सुचत नाही.

२०१९ साली लागू झालेल्या एम.बी.बी.एस. अभ्यासक्रमाने आपत्ती व्यवस्थापनास सामाजिक वैद्यकशास्त्रात स्थान दिले, हे उचितच झाले. परंतु व्याख्या पाठ करून गुण मिळतात, हात तयार होत नाहीत. रुग्णालयात वर्षातून एकदा रंगीत तालीम घेण्यास खर्च तो कितीसा? तहान लागल्यावर विहीर खणण्याची किंमत मात्र प्राणांनी मोजावी लागते.

आंतरवासितेच्या वर्षात हा सराव प्रत्येकास घडावा आणि त्याची कसून परीक्षा व्हावी. परीक्षेत जे विचारले जात नाही ते विद्यार्थी शिकत नाहीत, हे आम्हा प्राध्यापकांइतके कोणास ठाऊक!