सॉफ्टवेअर खुले आहे, पण पाणवठा कोणाचा?



आम्ही आपटा, रसायनी आणि पनवेल परिसरातले काही तरुण-तरुणी मिळून बुद्धविहारांतल्या अभ्यासिकांसाठी एक छोटे ओपन सोर्स सॉफ्टवेअर बनवतो. कोणते पुस्तक कोणी नेले, कधी परत आले, कोणत्या पुस्तकाला मागणी आहे, याची नोंद ठेवणारे. हळूहळू पुणे, नागपूर, मराठवाड्यातले साथीही जोडले गेले. मग प्रश्न आला, सगळ्यांनी मिळून बोलायचे कुठे? कोणत्या ॲपवर?

काही जण म्हणाले, "सगळे व्हॉट्सॲपवर आहेत, तिथेच राहू. ॲप निवडण्यात आंबेडकरवाद कुठून आणता?" हा लेख त्याच प्रश्नाचे उत्तर आहे.

महाड आपल्याच जिल्ह्यात आहे. ऑगस्ट १९२३ मध्ये मुंबई विधिमंडळात रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेनेही चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. कागदावर तळे खुले झाले, पण आपल्या माणसाच्या ओंजळीत पाणी आले का? त्यासाठी २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांना हजारोंच्या सोबतीने तळ्यावर जावे लागले, लोकांना मार खावा लागला आणि हायकोर्टाचा निकाल यायला १९३७ साल उजाडले.

ओपन सोर्सचा परवाना म्हणजे बोले ठराव आहे. कोड कोणीही वाचावा, बदलावा, वाटावा, असे तो म्हणतो. चांगलेच आहे. पण सॉफ्टवेअर नुसत्या कोडवर चालत नाही. आधी कोणते काम घ्यायचे, कोणाचा बदल स्वीकारायचा, नवख्याला हाताला धरून कोण शिकवणार, हे सगळे चॅटमध्ये ठरते. चॅट हाच खरा पाणवठा आहे. तिथे ज्याला शिरता येत नाही, त्याच्यासाठी कोड खुला असून काय उपयोग?

हे आम्ही अनुभवावरून बोलतो आहोत. सुरुवातीला आम्ही ज्या ॲपवर होतो तिथे प्रत्येकाचा मोबाइल नंबर सगळ्यांना दिसायचा. आमच्या एका ताईला रात्री अनोळखी नंबरवरून मेसेज येऊ लागले. आधी आडनाव विचारले, मग गाव, मग जे विचारायचे होते ते. तिने गट सोडला. आमची चांगली प्रोग्रामर गेली आणि आम्ही मात्र "ॲप म्हणजे ॲप" म्हणत बसलो.

दुसरा अनुभव याच्या उलट टोकाचा. आमचा एक मुलगा एका मोठ्या ओपन सोर्स प्रकल्पाच्या चॅटमध्ये मोडक्या इंग्रजीत प्रश्न विचारायला गेला. उत्तर मिळाले, "आधी प्रश्न विचारायला शिका." कोणी त्याला शिवी दिली नाही, जात विचारली नाही. तरी तो पुन्हा तिथे गेला नाही. ज्ञानाच्या दाराशी उभे राहून "आधी पात्र होऊन या" म्हणणारे आपल्याला नवे आहेत का?

म्हणून आमचे भांडण दोघांशी आहे. "सगळे जिथे आहेत तिथेच चला" म्हणणाऱ्यांशी, आणि "ज्याला जमत नाही त्याने येऊ नये" म्हणणाऱ्या ओपन सोर्सच्या सोवळेकऱ्यांशी.

पहिल्यांना आम्ही विचारतो, चावी कोणाकडे आहे? स्लॅकने २०२२ मध्ये नियम बदलला आणि फुकट वापरणाऱ्यांना ९० दिवसांपेक्षा जुने संदेश दिसेनासे झाले. फ्रीनोड हे तर ओपन सोर्सवाल्यांचे जुने घर. मे २०२१ मध्ये मालकीच्या वादातून तिथल्या स्वयंसेवकांनी राजीनामे दिले, लिबेरा चॅट उभे केले, आणि मागे शेकडो चॅनेल नव्या व्यवस्थापनाने ताब्यात घेतले. घर जुने असले तरी सातबारा दुसऱ्याच्या नावावर होता.

आपल्याला हा धडा शंभर वर्षांपूर्वीच मिळाला आहे. १९२० मध्ये पैसे देऊ करूनही 'मूकनायक'ची जाहिरात छापायला 'केसरी'ने नकार दिला. बाबासाहेब केसरीच्या दारात बसून राहिले नाहीत. स्वतःची पत्रे काढली, स्वतःचा छापखाना उभा केला.

आणि नोव्हेंबर २०१९ आठवा. ट्विटरच्या जातीय पक्षपाताविरुद्ध बहुजन कार्यकर्त्यांनी आवाज उठवला, कित्येक जण मॅस्टोडॉनवर गेले. पण एकेकटे गेले आणि बरेचसे एकेकटे परतले. नुसते घर बदलून भागत नाही, वस्ती उभी करावी लागते.

दुसऱ्यांना आम्ही मोझिलाचे उदाहरण देतो. मोझिलाने २०१९ मध्ये जुने आयआरसी सोडायचे ठरवले. नवख्यांना ते अवघड जात होते आणि त्रास देणाऱ्यांना तिथे मोकळे रान होते. त्यांनी स्लॅक, मॅटरमोस्ट, रॉकेट चॅट आणि मॅट्रिक्स तपासून शेवटी मॅट्रिक्स निवडले. कोणते यंत्र भारी हे बघण्याआधी माणूस टिकेल कसा, हे बघितले.

आम्हीही तसेच केले. पाच अटी ठरवल्या.

१) मोबाइल नंबर कोणालाही दिसता कामा नये.
२) स्वस्तातल्या जुन्या मोबाइलवर चालले पाहिजे.
३) उशिरा आलेल्याला मागची चर्चा विषयवार सापडली पाहिजे. आमचे अर्धे साथी पाताळगंगा-रसायनीच्या कारखान्यांत शिफ्ट करतात. ते रात्री बारा वाजता मेसेज वाचतात.
४) सगळी चर्चा उचलून आपल्या सर्व्हरवर नेता आली पाहिजे.
५) सॉफ्टवेअर स्वतः ओपन सोर्स असले पाहिजे.

टेलिग्रामचे ॲप खुले, सर्व्हर बंद. डिस्कॉर्ड दोन्हीकडून बंद. मॅट्रिक्स आम्हाला मनापासून आवडले, पण आमच्या जुन्या मोबाइलवर ते जड गेले आणि चाव्यांच्या पडताळणीत नवखे अडकले. शेवटी आम्ही झुलिपवर आलो. तिथे ईमेलवर खाते निघते, प्रत्येक विषयाचा धागा वेगळा राहतो, ओपन सोर्स गटांना जागा फुकट मिळते आणि उद्या सगळे उचलून स्वतःच्या सर्व्हरवर नेता येते. त्यात उणीव आहे, ती लपवणार नाही: सर्व्हर चालवणाऱ्याला संदेश वाचता येतात. म्हणून तिथे फक्त सॉफ्टवेअरचे काम. मोर्चा, केस, कोणाची खासगी अडचण, हे तिथे बोलायचे नाही. त्यासाठी सिग्नल. त्याच्या नोंदणीला नंबर लागतो, पण २०२४ पासून तो इतरांपासून लपवता येतो.

पण खरी लढाई ॲप निवडल्यावर सुरू होते. जगभर वापरल्या जाणाऱ्या कॉन्ट्रिब्युटर कव्हनंट या आचारसंहितेच्या २.१ आवृत्तीत भेदभावाच्या यादीत 'जात' हा शब्द आहे. मॅस्टोडॉनच्या मुख्य सर्व्हरच्या नियमांत जातीयवादाला बंदी आहे. परदेशातल्या लोकांना हा शब्द लिहिता येतो, मग भारतातल्या गटांना लिहिताना हात का कापतो? "कामाचे बोला, जात आणू नका" असे सांगणाऱ्यांना आमचे एकच म्हणणे आहे: जात आम्ही आणली नाही. ती त्या ताईच्या मोबाइलवर रात्री अकरा वाजता आली होती.

आमच्या आचारसंहितेत जात हा शब्द पहिल्या ओळीत आहे. ॲडमिन तिघे, त्यांत एक तरी स्त्री. प्रश्न मराठीत विचारला तरी चालेल, अहिराणीत किंवा आगरीत विचारला तरी चालेल. "सोपा प्रश्न आहे" असे म्हणायला बंदी. महिन्यातून एकदा सगळ्या चर्चेची प्रत काढून दोन वेगवेगळ्या ठिकाणी ठेवायची.

ती ताई परत आली आहे. या वेळी तिने आपले नाव जसे हवे तसे लिहिले आहे, आणि तीन ॲडमिनपैकी एक तीच आहे.

तुमच्या गावात, वस्तीत, कॉलेजात असे काम चालू असेल तर ॲप निवडण्याआधी हे तीन प्रश्न विचारा: चावी कोणाकडे आहे? आपल्यातली सर्वांत एकटी मुलगी तिथे निर्धास्त बोलू शकेल का? आणि उद्या उठून जायचे झाले तर आपले सामान सोबत नेता येईल का?

दसऱ्याला आपट्याचे पान सोने म्हणून हातात ठेवतात. आम्ही आपट्याचेच, पान आणि सोने यांतला फरक आम्हाला कळतो. फुकट मिळालेले प्रत्येक ॲप सोने नसते.

जय भीम! जय संविधान!