विलगीकरणात शेतावर फेरी मारावी काय?



लागणीचा आणि खतांच्या हप्त्यांचा विषय बाजूला ठेवून या अंकात थोडे वेगळे लिहीत आहे. कोविडची साथ आता मागे पडली. ११ मार्च २०२० रोजी जागतिक आरोग्य संघटनेने तिला महामारी म्हटले आणि ५ मे २०२३ रोजी जागतिक आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. तरी गट सभेत चहा झाला की एक वाद हमखास निघतो. ज्याला घरीच वेगळे राहायला सांगितले आहे, त्याने मोकळ्या हवेत हिंडावे की नाही? शहरातला माणूस हाच प्रश्न "सकाळचं फिरायला जाऊ का?" असा विचारतो, आणि आपल्याकडे तो "शेतावर एक फेरी मारून येऊ का?" असा होतो. एकजण म्हणतो, "माळावर एकट्यानं हिंडलो तर कुणाचं काय जातंय?" दुसरा म्हणतो, "त्याच हिंडण्यानं आमची सगळी आळी अंथरुणाला खिळली."

पुढची साथ याच नावाने येईल असे नाही, पण साथ येणारच नाही असे कोणी समजू नये. असले वाद शांत डोक्याने मिटवायचे तर ते साथ नसतानाच. म्हणून माझे मत मांडतो. पटले तर घ्यावे, न पटले तर गट सभेत जरूर बोलावे.

आधी एक घोटाळा दूर करू. त्या दिवसांत आपण तीन वेगळ्या माणसांना एकाच दाव्याला बांधले. पहिला टाळेबंदीतला निरोगी माणूस. दुसरा रोग्याच्या संपर्कात आलेला, पण स्वतः धडधाकट दिसणारा. तिसरा तपासणीत बाधित निघालेला किंवा ताप-खोकला असलेला. तिघांचे उत्तर एक असूच शकत नाही.

निरोगी माणसाविषयी फार वाद नको. मार्च २०२० मध्ये देशभर टाळेबंदी लागली आणि दोन-तीन दिवसांतच शेतीकामाला केंद्र सरकारने त्यातून सूट दिली. बाहेरच्या देशांतही हाच विचार झाला. इंग्लंडमध्ये २३ मार्च २०२० पासून व्यायामासाठी दिवसातून एकदा बाहेर पडता येत असे. फ्रान्समध्ये चिठ्ठी भरून घरापासून एक किलोमीटरच्या आत तासभर. स्पेनमध्ये मात्र मोठ्या माणसांना फिरायला-पळायला बाहेर पडण्याची मुभा २ मे २०२० रोजी मिळाली, तोवर तेही बंद होते. या सगळ्या सवलती निरोगी माणसाच्या होत्या. आपण त्या आजाऱ्याच्या नावावर खपवल्या, भांडणाचे मूळ तिथेच आहे.

आता दुसरा माणूस, संपर्कातला. त्याला १४ दिवस थांबायला सांगत, कारण रोग अंगात असूनही लक्षणे दिसायला दिवस लागतात, आणि लक्षणे दिसण्याच्या एक-दोन दिवस आधीपासूनच तो दुसऱ्याला देता येतो. "मला काय झालंय? मी तर खडखडीत आहे" हे म्हणणे इथेच फसते. पण म्हणून त्याला अंधाऱ्या खोलीत कोंडावे काय? माझे मत, मुळीच नाही. हा रोग माणसाच्या श्वासातून पसरतो आणि कोंदट, बंद जागेत जास्त पसरतो. मोकळ्या हवेत धोका पुष्कळ कमी. आपल्याकडे कित्येक घरांत माणसाला माजघरात घालून खिडक्या लावून घेतल्या, आणि त्याच घरात सात-आठ जण झोपले. हे उलटेच झाले. त्याची खाट पडवीत किंवा अंगणाच्या कडेला टाकली असती तर घरादाराला जास्त बरे पडले असते.

ज्याची वस्ती मळ्यातच आहे, दारातून पाऊल टाकले की स्वतःचाच ऊस, त्या संपर्कातल्या माणसाने तोंडाला रुमाल बांधून आपल्याच बांधावर एकट्याने सकाळ-संध्याकाळ चालावे. हात-पाय मोकळे होतात, डोके ठिकाणावर राहते. चौदा दिवस भिंतीकडे बघत बसून माणूस खचतो, हेही दुखणेच आहे. पण ज्याचे घर गावठाणात आहे आणि शेत दोन मैलांवर, त्याने मात्र अंगण सोडू नये. फरक कशाचा? शेताचा नव्हे, वाटेचा.

"एकट्यानं शेतात गेलो" म्हणणारा खरोखर एकटा असतो का, हे जरा तपासून बघा. घरातून निघाला की पाणंदीला दोघे भेटतात. "काय पाव्हणं, कशी हाय तब्येत?" म्हणून थांबतात. पुढे डेअरी लागते. मोटारीच्या पेटीला चार हिस्सेदारांचे हात लागतात. शेजारचा बांधावर येऊन बसतो, तंबाखूची पिशवी निघते, एकाने मळलेली चिमूट दुसऱ्याच्या तळहातावर जाते. शेतातली हवा शुद्ध खरी, पण ही फेरी शेतातल्या हवेत थोडी आणि माणसांत जास्त होते. म्हणून मी म्हणतो की, मोकळी हवा घ्यावी, पण वाट तुडवू नये.

काणी लागलेले बेट दिसले की आपण काय करतो? तो काळा पट्टा तसाच हलवत बांधावरून नेत नाही. आधी त्यावर पिशवी चढवतो, मग बेट मुळासकट काढून जाळतो. काळी भुकटी वाऱ्यावर गेली की शेजाऱ्याचाही प्लॉट गेला. माणसाला उपटायचे नसते, बरे करायचे असते. पण पिशवी आधी आणि हालचाल नंतर, हा क्रम तोच.

तिसरा माणूस, खुद्द आजारी. याच्याबाबत माझे मत कडक आहे. व्यायाम नाही, फेरी नाही, खोरे हातात धरणे तर नाहीच. "घाम काढला की ताप उतरतो" ही आपल्याकडची जुनी समजूत आहे. ती या रोगात महागात पडते. अंगात विषाणू असताना कष्ट केले तर हृदयाच्या स्नायूवर सूज येण्याची भीती असते, असे डॉक्टर सांगतात. शिवाय कोविडमध्ये कित्येकांची ऑक्सिजनची पातळी खाली जाई आणि त्यांना स्वतःला दमही लागल्याचे कळत नसे. असा माणूस उसाच्या सरीत एकटा पडला तर त्याला बघणार कोण? दहा फूट उसात हाक ऐकू येत नाही.

त्या काळात सहा मिनिटे चालण्याची चाचणी सांगत. बोटाला यंत्र लावून आकडा बघायचा, सहा मिनिटे घरातच सपाट जागेवर चालायचे, पुन्हा आकडा बघायचा. ९४ च्या खाली गेला किंवा पहिल्यापेक्षा चांगलाच घसरला तर लगेच डॉक्टर गाठायचा. चालायचे ते एवढेच, आणि तेही घरचे कोणी लांबून बघत असताना. ही चाचणी आहे, व्यायाम नव्हे. जुलै २०२० च्या केंद्राच्या सूचनांत सौम्य आजाऱ्याला लक्षणे सुरू झाल्यापासून १० दिवस आणि शेवटचे ३ दिवस ताप नसेपर्यंत घरात वेगळे राहायला सांगितले होते. जानेवारी २०२२ मध्ये ही मुदत ७ दिवसांवर आली. मुदत संपली म्हणजे लगेच नांगर धरायचा असेही नाही. आधी अंगण, मग बांध, मग हलके काम, अशी चढण घ्यावी.

इथे सभासद बंधू मला अडवतील. "साहेब, सांगणं सोपं आहे. उन्हाळ्यात आठ-दहा दिवसांनी पाण्याची पाळी. लाइट रात्रीची. मी दहा दिवस घरात बसलो तर ऊस वाळणार, त्याचं काय?" हा प्रश्न मात्र खरा आहे, आणि नुसत्या उपदेशाने तो सुटत नाही. माणूस हौसेने नियम मोडत नाही. कर्जाचा ऊस डोळ्यांदेखत पिवळा पडत असताना त्याला घरी बस म्हणायचे, तर त्याचे दारे धरायला कोणीतरी गेले पाहिजे. हिशेब केला तर दहा दिवसांत पाळी एकच येते. एका पाळीला एक शेजारी, एवढीच गरज आहे. ज्यांनी पाचट न जाळता सरीत आच्छादन ठेवले आहे, त्यांचा ऊस दोन-चार दिवस जास्तही तग धरतो. सावड ही काही आपल्याला परकी गोष्ट नाही. पेरणीला करतो, ती आजारपणात का नको?

दुसरी भीती तोडीची. आजारी असल्याचे कळले तर टोळी आपल्या फडात येणार नाही आणि पाळी मागे जाईल, या धास्तीने माणूस आजार लपवतो. म्हणून आजारपणामुळे कोणाही सभासदाची तोडीची पाळी मागे जाणार नाही, असा स्पष्ट ठराव कारखान्याने करावा, आणि प्रत्येक गटात चिटबॉयकडे पाणी देणाऱ्या शेजाऱ्यांची यादी तयार असावी. ही विनंती मी संचालक मंडळापुढे ठेवणार आहे. सभासदांनी तिला पाठबळ द्यावे.

तोडणी मजुरांना विसरू नका. कोपीत दुसरी खोली कुठली? मार्च २०२० मध्ये हंगाम संपता संपता टाळेबंदी लागली आणि हजारो मजूर कारखान्यांच्या तळावर अडकले. एप्रिलमध्ये शासनाने परवानगी दिल्यावर ते गावी गेले. तळावर एखादा आजारी पडला तर त्याच्यासाठी मोकळी हवा हेच विलगीकरण. तळापासून दूर वेगळी कोपी, वेगळे पाणी आणि दोन वेळचे जेवण पोचवणारा माणूस, एवढी सोय आधीच ठरलेली हवी.

आपल्या वाडवडिलांनी हे केलेले आहे. १८९६ साली मुंबईत प्लेग आला, पुढच्या वर्षी पुण्यात शिरला. गावेच्या गावे घरे सोडून माळावर झोपड्या घालून राहिली. प्लेग उंदरांवरच्या पिसवांचा, म्हणून घर सोडणे हाच उपाय होता. कोविड माणसाच्या श्वासाचा, म्हणून माणसांपासून लांब राहणे हा उपाय. त्याच १८९७ मध्ये पुण्यात सोजिरांकडून घरझडत्या घेतल्या, तेव्हा लोकांनी आजारीच लपवले. धाक दाखवला की रोग माळ्यावर दडतो. २०२० मध्येही आपण बांधावर दिसलेल्या माणसाचे फोटो काढून गावभर फिरवले. त्याऐवजी "तू थांब, तुझं पाणी मी देतो" एवढे म्हटले असते तर तो आपणहून घरी बसला असता.

तेव्हा माझे मत थोडक्यात असे. निरोग्याने खुशाल शेतात राबावे. संपर्कातल्याने आपल्याच दारच्या बांधावर एकट्याने चालावे, वाटेवर येऊ नये. आजाऱ्याने अंथरूण आणि पडवी सोडू नये. आणि ज्याला आपण घरात बसायला सांगतो, त्याच्या उसाला पाणी देण्याची जबाबदारी आपली समजावी. पुढच्या गट सभेला येताना आपल्या शिवारातल्या दोन शेजाऱ्यांची नावे ठरवून यावे, म्हणजे यादीला त्याच दिवशी सुरुवात करता येईल.

आपला,
ऊस विकास अधिकारी