चूक पेरोलची, पण भांडवल तुमचं



माझ्याकडे ट्रेनिंगला येणारे बरेच जण अजून नोकरीत असतात. पगारातून थोडे थोडे बाजूला टाकायचे, दुकानाचं डिपॉझिट आणि पहिला माल उभा करायचा, मग राजीनामा. प्लॅन चांगलाच आहे. पण सॅलरी स्लिपवरचा टीडीएसचा आकडा बघता का, असं विचारलं की उत्तर ठरलेलं असतं: "ते एचआर बघतं, सर."

माझं मत स्पष्ट आहे. ज्याला स्वतःची सॅलरी स्लिप वाचायचा कंटाळा येतो, तो उद्या दुकानाची वहीसुद्धा वाचणार नाही. आणि पेरोलमध्ये झालेली चूक एचआरच्या खिशातून नाही, तुमच्या भांडवलातून जाते.

हिशोबच करून बघा. आर्थिक वर्ष २०२५-२६, नवी करप्रणाली. एप्रिल ते सप्टेंबर तुम्ही एका कंपनीत होतात, पगार महिना ८०,०००. ऑक्टोबरपासून मार्चपर्यंत दुसरीकडे, पगार दीड लाख. पहिल्या कंपनीने टीडीएस कापला नाही, कारण पूर्ण वर्ष धरलं तरी ९.६० लाखच होतात. दुसऱ्या कंपनीच्या पेरोलवाल्याने फक्त आपल्याकडचे ९ लाख धरले. तुम्ही दिलेला फॉर्म १२बी, म्हणजे आधीच्या पगाराचा तपशील, सिस्टीममध्ये टाकलाच नाही. त्यामुळे तिथेही टीडीएस शून्य. तुम्ही खूश!

आता दोन्ही पगार एकत्र करा. १३.८० लाख. ७५,००० ची प्रमाणित वजावट गेली की उरले १३.०५ लाख. १२ लाखांपर्यंतच्या सवलतीतून तुम्ही बाहेर. कर ७५,७५०, त्यावर ४ टक्के सेस, एकूण ७८,७८०. ऑक्टोबरपासून नीट कापला असता तर महिना १३,१३० गेले असते, सवय झाली असती. आता तोच पैसा रिटर्न भरताना एकरकमी द्यायचा, वर व्याज. नेमका तेव्हाच दुकानमालक डिपॉझिट मागतोय. सांगा, कुठून आणणार?

दुसरी चूक याच्या उलट. टीडीएस कापला जातो, पण तिमाही रिटर्नमध्ये तुमच्या पॅनचं एक अक्षर चुकतं. पैसे सरकारकडे गेले, पण तुमच्या नावावर दिसत नाहीत. तुम्ही रिटर्न भरता आणि रिफंडऐवजी डिमांडची नोटीस येते. घाबरून पुन्हा पैसे भरू नका. आयकर कायद्यानुसार, पगारातून कर कापला गेला असेल तर तेवढा कर तुमच्याकडून पुन्हा मागता येत नाही. पोर्टलवर त्या डिमांडला असहमती नोंदवा आणि सॅलरी स्लिपा, बँक स्टेटमेंट जपून ठेवा. पण मूळ पॅन दुरुस्त करणं तुमच्या हातात नाही. सुधारित टीडीएस रिटर्न कंपनीलाच भरावं लागतं.

म्हणूनच म्हणतो, राजीनामा द्यायच्या आधी हे मिटवा. नोकरीत असताना तुम्ही पेरोलच्या टेबलापाशी जाऊन उभे राहू शकता. सोडल्यावर तोच माणूस फोन उचलत नाही. त्याचा काही राग नसतो, पण त्याच्या यादीत आता तुमचं नाव नसतं, एवढंच.

करायचं काय? दर तिमाहीनंतर २६एएस उघडा. स्लिपवरचा टीडीएस आणि तिथला टीडीएस जुळतोय का बघा. मार्च तिमाहीचा आकडा थोडा उशिरा दिसतो, कारण तिचं रिटर्न भरायची मुदत ३१ मे असते. फरक दिसला तर तोंडी सांगून सोडू नका, ईमेल करा: कोणता महिना, किती कापले, किती दिसतात, पॅन काय. चार ओळी पुरतात. जास्त किंवा कमी कापलेला कर त्याच वर्षातल्या पुढच्या पगारांत जुळवून घेण्याची मुभा कायदा कंपनीला देतो. मार्चचा पगार झाला की तो रस्ता बंद. मग जास्त गेलेल्यासाठी रिफंडची वाट, आणि कमी गेलेल्यासाठी स्वतःचा खिसा.

आता खुर्ची फिरवा. उद्या मालक तुम्ही आहात. "आपलं छोटं दुकान, आपल्याला टीडीएस कसला?" हे डोक्यातून काढून टाका. पगार करपात्र असेल तर दुकान कितीही छोटं असो, कापावा लागतो. त्यासाठी टॅन घ्या. कापलेले पैसे पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत भरा, मार्चचे ३० एप्रिलपर्यंत. उशीर झाला तर महिन्याला दीड टक्का व्याज, आणि तिमाही रिटर्न लांबलं तर दिवसाला २०० रुपये शुल्क. कापलेला टीडीएस माल उचलायला वापरणारे मी बाजारात पाहिलेत. तो पैसा आपला नसतो हो! कामगाराचा असतो, आपण फक्त पोचवणारे.

आणि एखादा माणूस येऊन म्हणाला, "शेठ, माझा टीडीएस दिसत नाही," तर "सीएला विचार" म्हणून त्याला वाटेला लावू नका. सीए तुमचा आहे, रिटर्न तुमच्या टॅनवर गेलंय, दुरुस्ती तुम्हालाच करायची आहे. पगार वाढवायला पैसे लागतात, पण चूक वेळेत दुरुस्त करायला फार काही लागत नाही. त्यावर माणूस टिकतो.

आज संध्याकाळी एवढं एकच काम करा. शेवटच्या तीन सॅलरी स्लिपा काढा आणि २६एएसशेजारी ठेवून वाचा. दुकानाचा हिशोब तपासायची पहिली प्रॅक्टिस इथूनच होते.

भेटू पुढच्या व्हिडिओत!