शांत झोंप

गेल्या आषाढांत आमच्या अक्कांचें मांडीचें हाड मोडलें व शस्त्रक्रियेनंतर डॉक्टरांनीं वेदनेवर ट्रामाडॉल दिलें. हें औषध रसायनशाळेंत तयार होणारें, पण गुण अफूचाच. २०१८ पासून तें आपल्या देशांत अंमली द्रव्यांच्या कायद्याखालीं आलेलें आहे. मळमळ, भोंवळ व गुंगी बहुधा थोड्या दिवसांत ओसरतात. बद्धकोष्ठ मात्र औषध चालू असेपर्यंत हटत नाहीं, कारण आंतड्यांची हालचालच मंदावते. यास्तव सारक औषध आरंभापासूनच डॉक्टरांस विचारून घ्यावें. आमच्या घरीं तें राहून गेलें. अक्कांनीं संकोचानें सहा दिवस सुनांजवळ शब्दही काढला नाहीं!

त्याहून घोर चूक ही कीं, त्यांची जुनी झोंपेची गोळीही चालूच होती. एके रात्रीं "आज शांत झोंप लागली" म्हणून सारीं संतुष्ट झालीं. मी जवळ जाऊन पाहतों तों श्वास अगदीं मंद, व हांकेस ओ नाहीं! तत्काळ इस्पितळांत नेलें म्हणून निभावलें. हीं दोन औषधें एकत्र आलीं म्हणजे मेंदूंतील श्वसनकेंद्रास मंदत्व येतें, व वार्धक्यांत तें अधिकच. जुन्या गोळ्यांची यादी डॉक्टरांस आधींच दाखवावयास हवी होती. ती माझ्याच कपाटांत होती.